डोहावर थांबणारी होडी

गुरूला सूर्याभोवती एक फेरा मारायला बारा वर्षं लागतात, हे मला कुणा मास्तरानं शिकवलं नाही. मी चौथीतच शाळा सोडली. पण कृष्णाकाठच्या माणसाला गुरू शिकवावा लागत नाही. गुरू कन्या राशीत शिरला की आमच्याकडं कन्यागत लागतं, वर्षभर नदीला माणूस लोटतं, आणि मग पुढची बारा वर्षं सामसूम. मी विलास अंबी, औदुंबर आणि वाडीच्या मधल्या एका घाटावरचा नावाडी. माझं घड्याळ तेवढंच. माझी पोरगी ईश्वरी म्हणते, बारा नाही अण्णा, अकरा वर्षं दहा महिने. म्हणलं असू दे, दोन महिने आम्ही तयारीला धरतो.

मी जन्मलो ते साल कन्यागताचं. माझ्या छत्तिसाव्या वर्षी जे कन्यागत आलं त्यात माझी बायको सुजाता गेली. कावीळ झाली, आठ दिवसांत सगळं संपलं. ईश्वरी तेव्हा अकरा वर्षांची. तिसऱ्या दिवशी राख घाटाखालच्या डोहात सोडली, आणि चौथ्या दिवशी मी नावेवर उभा राहून माणसं पार करत होतो. पोरगी घाटाच्या पायरीवरून बघत होती. तिनं मला काही विचारलं नाही. मावशीकडं इचलकरंजीला गेली, तिथंच शिकली, तिथंच मोठी झाली. सणाला यायची, चार भाकरी थापायची, परत जायची. आमचं बोलणं म्हणजे जेवलीस का, जेवले. तिच्या आईचं नाव मी घरात कधी घेतलं नाही, मग तिनंही घेतलं नाही.

पुढच्या कन्यागताला ईश्वरी तेवीस वर्षांची झाली होती आणि एका केंद्रात इंजिनिअर म्हणून नुकती लागली होती. केंद्राचं नाव सांगत नाही, मोठी माणसं आहेत, त्यांना आवडायचं नाही. तिथं गुरूच्या चंद्रावर पाठवायची एक होडी बनत होती.

गुरूला जमीन नाही. नुसता वायूचा गोळा, पाय टेकायला जागाच नाही. म्हणून जायचं तर त्याच्या चंद्रांवर. चंद्र त्याला ढिगानं आहेत, त्यात मोठे चार. त्यातला युरोपा आपल्या चंद्राहून जरा लहान, वरून सगळा बर्फ आणि बर्फाखाली समुद्र. आपल्या सगळ्या समुद्रांपेक्षा जास्त पाणी तिथं. आता सूर्यापासून एवढ्या लांब ते पाणी गोठत कसं नाही, असं मी विचारलं. ईश्वरी तेव्हा भाकरीचं पीठ मळत होती. तिनं गोळा माझ्या हातात दिला आणि सांगितलं, मळत राहा आणि ऐका.

युरोपा साडेतीन दिवसांत गुरूभोवती एक फेरा मारतो. त्याच्या आतल्या अंगाला आयो नावाचा चंद्र आहे, त्याचे तेवढ्यात दोन फेरे होतात. बाहेरच्या अंगाला गॅनिमिड आहे, त्याचा अर्धा होतो. ठरवून घेतल्यागत त्यांच्या गाठी त्याच त्याच जागी पडतात आणि ते एकमेकांना ओढतात, म्हणून युरोपाची वाट नीट गोल होतच नाही. फेऱ्यात एकदा तो गुरूच्या जवळ येतो, एकदा लांब जातो. जवळ आला की गुरू त्याला आवळतो, लांब गेला की सोडतो. एवढं सांगून तिनं विचारलं, पीठ कसं लागतंय. मी म्हणलं कोमट झालंय. म्हणाली, तसंच. आई गेल्यापासून तेवढी एकच दुपार ती माझ्याशी मोकळी बोलली असंल, आणि ती पण गुरूविषयी.

होडीची अडचण अशी होती की त्या समुद्रात उजेड नाही, दोन हातांपलीकडं दिसत नाही. आणि इथून विचारावं तर निरोप जायलाच पाऊण तास, यायला पाऊण तास. पाण्यात पाऊण तासानं मिळालेला सल्ला म्हणजे तेराव्याला आलेला वैद्य. नियम लिहून द्यावेत, तर पाणी रोज नवीन कायदा काढतं. म्हणून ठरलं, होडीच्या मेंदूला माणसाकडून शिकवायचं. गढूळ पाण्यात, न दिसता, हाताच्या आणि पायाच्या अंदाजानं नाव चालवणारे अकरा नावाडी त्यांनी देशभरातून निवडले. त्यात माझं नाव ईश्वरीनं सुचवलं. काय म्हणून सुचवलं ते मला मागाहून कळलं. म्हणाली होती, माझे वडील माणसांशी बोलत नाहीत, पाण्याशी बोलतात.

कार्तिकापासून माघापर्यंत केंद्राची दोन पोरं माझ्या नावेत बसून होती. माझ्या बांबूला, दंडाला, तळपायाला मोजमाप घेणाऱ्या टिकल्या चिकटवल्या आणि छातीला पट्टा बांधला. काळजाचे ठोके मोजून माझं लक्ष कुठं लागलंय ते म्हणे त्यांना कळायचं. पुढं आम्हा अकरा जणांकडून शिकलेल्या अकरा मेंदूंची पाण्याच्या टाकीत शर्यत लावली, त्यात माझा पहिला आला, आणि होडीत तोच बसवला. चौथी शिकलेल्या माणसाचा. गावात मी हे बरेच दिवस सांगत फिरत होतो.

त्या पोरांनी एकदा विचारलं होतं की प्रत्येक फेरीला डोहावर आलं की मी बांबू वर उचलून गप का उभा राहतो. मी सांगितलं, डोहात आसरा आहेत, पाण्यातल्या देवी, साती बहिणी. त्यांच्या डोक्याला बांबू टोचायचा नसतो. पोरांनी ते लिहून घेतलं.

होडी गेली. पोचायला सहा वर्षं लागली. उतरल्यावर आपल्या उष्णतेनं बर्फ वितळवत विहिरीसारखी खाली जायला आणखी दीड वर्ष. तिच्या मागं केसाएवढा बारीक धागा होता, त्यातून निरोप वर यायचे. समुद्रात उतरली आणि ईश्वरीच्या केंद्रात पेढे वाटले. मला पण डबा आला. आत चिठ्ठी नव्हती.

आता गोष्टीतलं तिसरं. यंदा माझी साठी आणि परत कन्यागत. भाद्रपदात एक दिवस सकाळी दारात गाडी थांबली. ईश्वरी उतरली आणि तिच्या मागून तिच्या वरच्या साहेब, तांबोळी मॅडम. बाई मूळच्या मिरजेच्या, बोलणं आमच्यातलंच. चहा घेतल्या घेतल्या म्हणाल्या, "अण्णा, तुमची होडी तुमच्यावर गेलीय. लई हट्टी."

मग सगळं कळलं. होडी बर्फाच्या छताखालून चालते. म्हणजे तिचा तळ वर. तिला एक लांब दांडी आहे, माझ्या बांबूसारखी. ती बर्फाला टेकवत टेकवत जाते. मधेच छतात खोल पोकळी आली आणि दांडी टेकली नाही की तिला तो डोह वाटतो. मग ती दांडी आत घेते, पंखा बंद करते आणि नुसती तरंगत राहते. कधी अर्धा मिनिट, कधी चार मिनिटं. पहिले तीन महिने कुणी मनावर घेतलं नाही. पण युरोपा गुरूजवळ आला की त्या समुद्राला ओढ लागते, आपल्या पुरासारखी. मागच्या आठवड्यात होडीला कोमट पाण्याचा एक पट्टा सापडला, एवढ्या वर्षांत सगळ्यांत मोठी गोष्ट. त्यानंतर पुढच्याच डोहावर ती अकरा मिनिटं थांबली, ओढीत सापडली आणि बर्फाच्या कडेवर आपटली. एक पंख मोडला. आणखी एकदा आपटली तर धागा तुटणार.

त्यात गुरूचा अस्त आठ दिवसांवर आलेला. पंचांगात अस्त म्हणजे गुरू सूर्याच्या इतका जवळ जातो की दिसत नाही, लग्नं थांबतात. यांचा रेडिओ पण तेव्हा मुका होतो. गुरू सूर्याच्या पलीकडं जातो, सूर्याच्या गोंगाटात निरोप ऐकूच येत नाही. पंचांगातला अस्त महिन्याचा, यांचा पंधरवड्याचा. त्या पंधरवड्यात होडी एकटी, आणि तेवढ्यात ओढ चारदा येणार.

"आम्ही ती सवय पुसून टाकू शकतो," तांबोळी मॅडम म्हणाल्या. "पण तुमचं शिकवणं जाळ्यासारखं विणलंय. चुकीचा दोरा ओढला तर सगळं जाळं उसवंल, मग तिला चालताच यायचं न्हाई. नेमका कुठला दोरा ते तुम्हीच सांगू शकता. का थांबता?"

मी म्हणलं, आसरा.

ईश्वरीनं कप खाली ठेवला. तिनं विचारलं, "आसरा बाकीच्या नावाड्यांनापण आहेत ना, अण्णा?"

"हायत की."

"मग ते बांबू उचलतात आणि जातात. त्यांची पण मोजणी आहे माझ्याकडं. तीन सेकंद, चार सेकंद. तुम्हीच का थांबता?"

तिनं कागद पसरला. त्यावर एक्क्याण्णव दिवसांच्या उभ्या रेघा, माझ्या प्रत्येक थांब्याची एक. बहुतेक बोटभर. एक रेघ मात्र कागदाच्या वरपर्यंत गेलेली, सहा मिनिटांची. आणि एक दिवस पूर्ण मोकळा. दोन्ही तारखांवर तिनं बोट ठेवलं आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. तांबोळी मॅडम शहाण्या बाई. कप घेऊन आत गेल्या, विसळायला.

मला त्या तारखा तोंडपाठ होत्या. चौथी शिकलेला असलो म्हणून काय झालं.

"त्या मोठ्या रेघेच्या दिवशी तुझा फोन आल्ता," मी म्हणलं. "नोकरी पक्की झाली म्हणून. आणि मोकळ्या दिवसाच्या आदल्या रात्री तू चिडून फोन ठेवलास. मग काय सांगणार तिला?"

"कुणाला?"

"तुझ्या आईला. तिथं सोडलीय न्हवं तिला. जाता येता तुझं सांगतो. आज इशी पास झाली, आज इशीला ताप हाय, आज इशी आली न्हाई. आणि काय सांगाय नसलं तर नुसतं व्हय म्हणून जातो."

ईश्वरी कागदाकडं बघत होती. रेघांवरून बोट फिरवत होती, पहिलीपासून. शेवटच्या रेघेवर आली आणि म्हणाली, "चौथ्या दिवशी नाव चालवली तुम्ही. मला वाटलं तुम्हाला काहीच झालं नाही."

"नाव चालवली तरच डोहावर जाता येत हुतं," मी म्हणलं. "दुसरं काय कारण काढून जाऊ रोज?"

ती उठली आणि परसात गेली. मी मागं गेलो नाही. आमच्या घरात मागं जायची पद्धतच पडली नव्हती. आतनं फक्त कप विसळल्याचा आवाज येत होता. दोन कपांना बाईंनी पाव तास लावला, मग बाहेर आल्या.

ईश्वरी परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण बोलणं इंजिनिअरचं. म्हणाली, आता कळलं. तुमच्या छातीच्या पट्ट्यावरून होडी शिकली की मनात काही नवीन असलं तर डोहावर जास्त थांबायचं. कोमट पाणी तिला नवीन होतं. पण तुमच्या नावेला इतक्या वर्षांत काही झालं नाही, मग तिलाच का होतंय?

मी म्हणलं, मी काय येडा आहे का पुरात मधोमध थांबायला?

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. त्यांना माहीतच नव्हतं. माझी मोजणी कार्तिक ते माघ झालेली, नदी पोटात पाय घेऊन निजलेली असते तेव्हा. पावसाळ्यात यायची त्यांच्या पोरांना परवानगी नव्हती, यंत्रांचा विमा होता म्हणे. पूर असला की मी डोहाच्या अलीकडं उंबराच्या मुळीला दोर टाकतो, नाव आवळून बांधतो, मग सांगतो काय सांगायचं ते. काठ धरल्याशिवाय पुरात बोलायचं नाही. होडी माझा थांबा शिकली, पण तो फक्त हिवाळ्यातला. पुरातला तिनं बघितलाच नाही. तिला पुढच्या अंगाला गळासारखा एक आकडा दिलेला होता, बर्फातले नमुने काढायला. त्यानं तिला काठ धरता आला असता, पण त्याचा तसा उपयोग तिला ठाऊकच नव्हता.

"म्हंजे पुसायला नको," तांबोळी मॅडम म्हणाल्या. "शिकवणी अर्धी राहिली हुती."

कोयनेतून पाणी सोडलेलंच होतं. उंबराच्या बुंध्याला पाणी लागलेलं, रंग चहासारखा, वरून ओंडके जात होते. तहसीलदाराची परवानगी काढली, बाजूला दोन मोटरबोटी ठेवल्या. मला जन्मात पहिल्यांदा ते फुगीर जाकीट घालायला लावलं, फुगलेल्या बेडकागत दिसत असणार मी. उजवा खांदा दोन वर्षांपासून दुखतोय ते मी कुणाला बोललो नाही. दोर टाकायला जोडीला माणूस लागतं. मी शेजारच्या भरमूला हाक मारणार तोवर ईश्वरी चप्पल काढून नावेत चढली. अकरा वर्षांची असल्यापासून ती माझ्या नावेत बसली नव्हती. सणाला यायची ती पुलावरून, नऊ कोस वळसा घालून.

पहिल्या दिवशी आम्ही चार फेऱ्या केल्या. दोर नीट पडला, नाव बांधली, मी बांबू उचलून उभा राहिलो. काठावर आल्यावर तांबोळी मॅडम पट्ट्याचे आकडे बघून मान हलवायला लागल्या.

"अण्णा, हात बरोबर हाय. पण छाती गप हाय. तुम्ही नुसतं उभं राहताय, बोलत न्हाई काय. असलं खोटं होडी शिकायची न्हाई."

खरं होतं. चोवीस वर्षं मी एकटा बोललो. पोरगी समोर बसल्यावर कसं बोलणार? तरणा नवरा चारचौघात बायकोशी बोलताना लाजतो तसं मला झालं, साठाव्या वर्षी. बाईंना सांगितलं, उद्या बघू. उद्या म्हणजे सात दिवसांतला एक गेला.

दुसऱ्या दिवशी पाणी आणखी हातभर चढलं. घाटावरून नाव सोडली आणि पहिल्या धारेतच खांद्यानं दगा दिला. बांबू हातातून सुटायला लागला, नाव आडवी झाली. ईश्वरीनं बांबूचं खालचं अंग दोन्ही हातांनी धरलं आणि पाय आडवा लावून रेटा दिला. कुणी शिकवलं म्हणून विचारावं, तर कुणी नाही. दोघांनी मिळून नाव उंबरापर्यंत आणली. तिनं दोर टाकला, मुळीला दोन वेढे, गाठ. नाव झटका खाऊन थांबली. खाली डोह नुसता गरागरा फिरत होता. आम्ही दोघंही धापा टाकत बसून राहिलो.

मनातल्या मनात बोलायला दमच उरला नव्हता. म्हणून तोंडानं बोललो.

"सुजाता," म्हणलं. "पोरगी नावंत हाय."

एवढीच बातमी होती. चोवीस वर्षांत एवढी मोठी बातमी मी कधी आणली नव्हती. मग मी सांगितलं, दोर तिनं टाकला. गाठ माझ्यापेक्षा चांगली मारती. केस पिकाय लागल्यात तिचं, तुझ्यागत कानामागनं. गुरूच्या चंद्रावर नाव चालवती ती, तू ऐकलीस तर हसशील.

माझं झालं. मी दोर सोडायला हात घातला तर ईश्वरीनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थांबा," म्हणाली. "माझं राहिलंय."

ती काय बोलली ते मी सांगणार नाही. ते तिचं आणि तिच्या आईचं. मी तोंड पलीकडच्या काठाकडं करून उभा राहिलो. बराच वेळ लागला तिला, पण साठायला पण बराच वेळ लागलेला होता.

काठावर आलो तर तांबोळी मॅडम आकड्यांकडं बघत नव्हत्याच. ओढणीनं चष्मा पुसत होत्या. म्हणाल्या, मिळालं.

आणखी तीन दिवस आम्ही फेऱ्या केल्या. बांबूचं वरचं अंग माझं, खालचं तिचं. सहाव्या दिवशी ती नवी शिकवणी वर पाठवली. गुरू सूर्याच्या पलीकडं चाललेला, म्हणून आता पाऊण तास नाही, बावन्न मिनिटं एका बाजूला. केंद्रात जायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी यंत्र आमच्याच घरात, पुढच्या सोप्यात मांडलं. दुपारी ओढ लागणार होती आणि होडीच्या वाटेवर पुढं एक मोठा डोह होता. वाटेत तिला परत कोमट पाणी लागलेलं, म्हणजे मनात नवीन काहीतरी होतंच. अस्ताआधीची ही शेवटची परीक्षा. चुकली तर मागं बोलवायला कुणी नाही.

जे आम्ही बघणार ते तिकडं बावन्न मिनिटांपूर्वी होऊन गेलेलं असणार, हे मला चमत्कारिक वाटत होतं. ईश्वरीला तसं बोललो. ती म्हणाली, सगळ्याच बातम्या तशाच येतात, अण्णा. काहींना चोवीस वर्षं लागतात. मग मला भाकरी वाढली.

अडीचच्या सुमाराला आकडे हलले. दांडी बर्फाला टेकत होती, टेकत होती, आणि टेकायची थांबली. डोह. पाण्याची ओढ वाढत चालली होती. तांबोळी मॅडमनी दोन्ही हात गालांना लावले. होडी तशीच पुढं सरकली, एक हात, दोन हात. मी मनात म्हणत होतो, अगं मागं बग, काठ मागं हाय. आणि ती वळली. मोडक्या पंखानं तिरपी तिरपी मागं आली, बर्फाच्या कडेला आकडा रुतवला, परत एकदा दाबून बघितला, माझ्या दुसऱ्या वेढ्यासारखा. मग पंखा बंद केला, दांडी आत घेतली.

ओढ येऊन गेली. धागा शाबूत. बाई खुर्चीत मागं टेकल्या.

पण होडी निघंना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पाणी शांत झालेलं, वाट मोकळी, तरी ती आपली बर्फाला धरून उभी. पंधरा मिनिटांनी बाईंना राहवेना.

"ईश्वरी, ओढ संपली की गं. आता निघत का न्हाई ही?"

ईश्वरी माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसली होती. तिनं पडद्याकडं बघितलं पण नाही. माझ्या दुखऱ्या खांद्याला तेल चोळत होती.

"निघंल की, मॅडम," ती म्हणाली. "बोलणं झालं की निघंल."